दगड बांधलेलं जाळं

थंडी पडली की मी अजूनही हिप्परग्याच्या तलावावर जातो. दुर्बीण मात्र घरी ठेवतो.

पूर्वी दर रविवारी उजाडायच्या आत स्कूटर काढायची, काठावर बसायचं आणि लालसरी बदकं बघायची. तांबूस डोक्याची, राखी पाठीची ही पाखरं पार सायबेरियाकडून येतात. बाकीची बहुतेक बदकं शेपूट वर करून उथळात चरतात. लालसरी सरळ बुडी मारते, तळाचं शेवाळ, गोगलगायी खाते आणि भलतीकडेच वर येते. शाळेत हे मी इतक्यांदा सांगितलं होतं की मागच्या बाकावरची मुलं माझ्याआधी वाक्य पुरं करायची.

तलावावर मासे धरणारे एक मामा होते. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून संध्याकाळी जाळं लावायचे, सकाळी काढायचे. जाळं पाण्याच्या वरच्या अंगाला असल्यामुळे एखाद्या बदकाचा पाय त्यात अडकायचा. मामा शिव्या देत तो सोडवायचे. पाखरू उडून जायचं, जाळं तेवढं फाटायचं.

एकदा मी म्हणालो, "मामा, जाळ्याला दगड बांधा आणि तळाला सोडा. पोहणारी बदकं अडकायची नाहीत."

उंटावरून शेळ्या हाकायची आम्हा मास्तरांना सवयच.

"व्हय की," मामा म्हणाले. "तुमी शिकलेली मानसं."

पुढच्या रविवारी जाळं जड लागलं. "लई घावलंय आज!" मामा तराफ्यावरून ओरडले. मीही खूश होऊन उठून उभा राहिलो.

वर आल्या त्या लालसऱ्या. सात. बुडी मारून चरायला गेल्या आणि तळाशीच गुदमरून मेल्या.

मामांनी त्या काठावर आणून ओळीने ठेवल्या. एकीच्या चोचीत अजून शेवाळ होतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांच्याकडे बघवेना.

"वर आस्ती तर फडफडली आस्ती," मामा म्हणाले. "मला सोडवता आलं आसतं की."



ते मला एक शब्दही लावून बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. ते बराच वेळ जाळ्याचे दगड सोडत बसले. मग अगदी साधेपणाने, शिकलेल्या माणसाला विचारावं तसं, त्यांनी विचारलं,

"मास्तर, आता किती खोल सोडू?"