सोडलेला कोंबडा

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. ती जाऊन आता चार वर्षं झाली. माझ्या पोटातलं तिला सगळं कळायचं, मी ऑफिसात कुणाशी भांडून आलो हे माझ्या चपला काढण्यावरून ओळखायची — पण हे नाही कळलं. मी कळू दिलं नाही. आज तुला का सांगतोय? विचारू नकोस, मला नीट सांगता यायचं नाही. कोंबड्यांची गोष्ट आहे, सुरुवातीला हसशीलही. हस. आम्हीही हसायचो.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. भांडुपला डोंगराच्या पायथ्याशी आमची सोसायटी, तीन इमारती, नव्याकोऱ्या. त्याआधी त्या जागेवर झोपड्या होत्या. बिल्डरने त्या लोकांना दुसरीकडे हलवलं तेव्हा पत्रे, भांडी, पोरं सगळं गेलं. ज्या कोंबड्या हाताला लागल्या नाहीत तेवढ्या मागे राहिल्या. आणि वाढल्या. दोन-तीन वर्षांत चाळीसेक झाल्या असतील. कुणाच्या नाहीत, कुणाला भीत नाहीत. झोपायला जांभळाच्या झाडावर, दिवसभर आमच्या कंपाउंडात. एकीने मीटरच्या पेटीत अंडी घातली होती. एक पिल्लंवाली तर लेलेवहिनींच्या मागे दुसऱ्या मजल्यापर्यंत धावली. जिन्यात घाण, कुंड्यांची माती उकरलेली, आणि कोंबडे तर वेळ-काळ न बघता आरवायचे. मुलांच्या परीक्षा, म्हाताऱ्यांच्या झोपा, सगळ्याची वाट लागली होती.

लेले आमचे सेक्रेटरी. मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले, स्वच्छ माणूस, कुणाचं वाईट चिंतणारा नव्हे. हे आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर पुढे तू त्यांनाच दोष देशील.

आता माझं. माझं आडनाव देसाई. फार सोयीचं आडनाव आहे हे — समोरच्याने आपल्याला हवं ते समजावं. सोसायटीत बहुतेक घरं शाकाहारी, नोकरदार, बोलणं अगदी शुद्ध. राहायला आलो त्याच आठवड्यात लेल्यांनी जिन्यात विचारलं, तुम्ही शाकाहारीच ना? मी म्हटलं, हो हो. झालं. एवढंच. मी देवगडकडचा, आमच्या घरी मासळीशिवाय भात गिळायचा नाही — आणि मी म्हटलं हो हो. त्यानंतर मासे खायचे तर लालबागला बहिणीकडे. सुकट आणायची तर डब्यात घालून, डबा तीन पिशव्यांत गुंडाळून. एकदा राहवलं नाही म्हणून घरी बांगडा तळला, तर खिडक्या बंद, आणि घरभर उदबत्त्या. मुलांना शिकवून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर बटाट्याची भाजी खाल्ली म्हणायचं. बायको चिडायची. म्हणायची, आपण काय चोरी केलीय? मी उठून खिडकी लावून घ्यायचो.

मला कुणी हाकलणार होतं का? छे. तसला नियमही नव्हता. फार तर लेलेवहिनींनी हळदीकुंकवाला माझ्या बायकोकडे जरा वेगळं पाहिलं असतं. त्या एका नजरेला मी घाबरत होतो. मला त्यांच्यातला व्हायचं होतं. गिरणीतल्या जॉबरचा, म्हणजे मुकादमाचा, मुलगा मी, मला वाटायचं, आता आपण वर आलो, आता खालचं काही दिसायला नको.

तर कमिटीची मीटिंग झाली. मी कमिटीत होतो, अक्षर चांगलं म्हणून इतिवृत्त लिहायला. ठरलं की कोंबड्या पकडणारी माणसं बोलवायची, सगळ्या एकदम न्यायला लावायच्या. पण लेले म्हणाले, भिंतीपलीकडच्या चाळीतली कुणाची असेल तर आधी विचारलं पाहिजे, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. बघ, माणूस कसा होता. चाळीतली माणसं बहुतेक कोकणातली. जाणार कोण? मी म्हटलं, मी जातो, नोकरीत दोन वर्षं कणकवलीला होतो, त्यांची बोली कळते थोडीफार. मी कणकवलीला कधीही नोकरीला नव्हतो. आईच्या मांडीवर शिकलेल्या भाषेला मी त्यांची बोली म्हटलं. आणि सगळे म्हणाले, वा, बरं झालं.

चाळीत गेलो. बहुतेकांच्या कोंबड्या खुराड्यात होत्या, त्यांनी हात झटकले. शेवटच्या खोलीत सुमतीकाकी. पन्नाशीची बाई, दारात बसून तांदूळ निवडत होती. आत तिचा नवरा खाटेवर टेकून बसलेला. गिरणी बंद पडल्यावर वर्षभरात त्याच्या अंगावरून वारं गेलं होतं, डावी बाजू लुळी पडलेली. मी अगदी सोसायटीच्या मराठीत सुरू केलं. पण तिने पाट पुढे सरकवला आणि मी बसलो, आणि बसता बसता तोंडातून काहीतरी गेलं असणार, कारण तिने मान वर करून बघितलं.

“खंयचो रे तू?”

कुठचा तू. खोटं बोलता आलं असतं. नाही बोललो, का कुणास ठाऊक. म्हटलं, देवगडकडचो. ती एवढी खूश झाली! गूळ-पाणी दिलं, गाव विचारलं, आईचं माहेर विचारलं. तीन वर्षांत त्या भागात कुणी मला माझ्या भाषेत बोलायला लावलं नव्हतं. मला इतकं बरं वाटत होतं की मी कशाला आलो तेच विसरलो.

मग कोंबड्याचं निघालं. आमच्या कंपाउंडातल्या त्या रानटी कळपात एक मोठा तांबडा कोंबडा होता, डाव्या पायात लाल दोरा बांधलेला. आम्ही सगळ्यांनी पाहिला होता. मी विचारलं, तो तुमचा का? काकीने लगेच कानाला हात लावला.

“तो माजो न्हय. सोडलेलो आसा.”

आता इथे थांबून तुला सांगायला हवं. आमच्याकडे देवाला कोंबडा सोडतात. घरात कुणी आजारी असलं की नवस बोलतात, आणि एक कोंबडा देवाच्या नावाने मोकळा करतात. मग तो कापायचा नाही, विकायचा नाही, कोंडायचा नाही. त्याला माझा म्हणायचं नाही — माझा म्हटलं की नवस मोडला. तो फिरेल तेवढा फिरेल आणि आपल्या मरणाने मरेल. काकीने नवऱ्यासाठी सोडला होता. गावी जाणं जमेना म्हणून गावच्या देवाचं नाव घेऊन इथेच, भिंतीपलीकडे. आणि माणूस सुधारत होता. मी बसलो होतो तेवढ्यात भिंतीला धरून चार पावलं चालून दाखवली त्याने मला. निघताना काकी म्हणाली, त्यांका नीट सांग हां. मी म्हटलं, सांगतंय.

संध्याकाळी मीटिंग. लेल्यांनी विचारलं, काय म्हणाली ती बाई, दोरावाल्याचं?

मी तोंड उघडलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी काय सांगणार होतो? नवस? देवाला कोंबडा? ते विचारणार, तुम्हाला कसं ठाऊक हे सगळं? आणि नाही विचारलं तरी मला एवढं सांगताना बघून त्यांना कळणार. आमच्याकडे असतं असं, हे वाक्य तोंडातून निघणार आणि तीन वर्षांचं सोंग तिथेच गळून पडणार. म्हणून मी म्हटलं, तिचा नाही म्हणाली. सोडून दिलाय.

सोडलेला, आणि सोडून दिलेला. कळतोय ना फरक? तुला कळतोय, मलाही कळत होता. लेल्यांना कळायचं काही कारणच नव्हतं. त्यांनी मान हलवली आणि मी माझ्या सुरेख अक्षरात लिहिलं — सदर कोंबडा सोडून दिलेला असल्याने बेवारस समजण्यात यावा. सदर. समजण्यात यावा. 

पुढच्या रविवारी सकाळी माणसं आली. दोघं होते, जाळी आणि मोठ्या डालग्या घेऊन. दाणे टाकून टाकून कोंबड्या गोळा केल्या. गॅलऱ्यांत गर्दी, मुलं टाळ्या वाजवतायत, वरून कोण कुठे लपलीय ते सांगतायत. तमाशाच झाला. मी कमिटीतर्फे खाली उभा. दोरावाला सगळ्यांत शेवटी सापडला, स्कूटरच्या शेडमागे. त्या माणसाने त्याला पंखांना धरून उचललं, दोरा पाहिला आणि थांबला. उत्तरेकडचा माणूस होता, कुठल्या मुलखातला कोण जाणे. कोंबडा धरून माझ्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, “साब, ये तो किसी की मन्नत का लगता है. छोड़ दूँ?”

बघ. त्याला कळलं. पोटासाठी कोंबड्या पकडणाऱ्याला कळलं, आणि तो विचारत होता, सोडू का. ऐकू जाईल इतकं जवळ कुणी नव्हतं. लेले दुसऱ्या टोकाला. मी नुसती मान हलवली असती तरी त्याने सोडला असता, आणि वर म्हटलं असतं की निसटला. कुणी मला काही विचारलं नसतं. माझं सोंगही शाबूत राहिलं असतं. मग का नाही हलवली? मी हा प्रश्न स्वतःला किती वेळा विचारला असेल. भीतीसुद्धा नव्हती तेव्हा. मला बहुधा रागच आला होता — की ह्या माणसाने मला ओळखलं की काय. मी म्हटलं, “लावारिस है. ले जाओ.”

तो नेला. डालगीवर झाकण पडलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना काकी फाटकाशी उभी. आत आली नव्हती, वॉचमनने अडवलं असेल किंवा तीच आली नसेल. मला बघून पुढे झाली. भांडायला आली नव्हती रे ती. एवढंच विचारलं, सांगलंस मां रे त्यांका? सांगितलंस ना त्यांना?

मी म्हटलं, सांगलंय काकी. आयकूक नाय त्यांनी.

सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. लेल्यांच्या माथी मारून मोकळा झालो. आणि तिने विश्वास ठेवला! तिच्या गावाकडचा ना मी. म्हणाली, तू तरी काय करतलस.

चार महिन्यांनी तिच्या नवऱ्याला पुन्हा झटका आला. त्यात गेला. डॉक्टर म्हणाले असतील काय ते, रक्तदाब वगैरे. कोंबड्याने माणूस मरत नाही आणि जगत नाही, हे मलाही कळतं, मला नको शिकवूस. पण मी जे केलं ते त्याच्या मरणाचं नव्हतंच. ते पुढे झालं.

काकी गावी जायला निघाली, दिराकडे, कायमची. मुलंबाळं नव्हती. मी ट्रंक उचलायला गेलो. हो, गेलो, सोसायटीतलं कुणी बघेल याची पर्वा न करता गेलो, एवढी मर्दुमकी दाखवली. टॅक्सीत ट्रंक ठेवली तेव्हा तिने माझा दंड धरला. कित्येक दिवस कुणाला सांगितलं नसावं, तसं हळू बोलली.

“मी माजो न्हय म्हटलंय ना रे, म्हणान गेलो तो. त्या दिवशी तू विचारलंस आणि मी पटकन बोललंय. देवान आयकल्यान. माज्या जिभेन घात केल्यान.”

आलं लक्षात? इतके महिने ती लेल्यांना दोष देत नव्हती. सोसायटीला नाही, पकडणाऱ्यांना नाही. ती म्हणत होती, मी त्याला नाकारलं, देवाने ते ऐकलं आणि कोंबडा परत घेतला, मागोमाग माणूसही. तिने अगदी बरोबर शब्द उच्चारला होता, जसा उच्चारायला हवा तसाच. तिच्या शब्दात मी एक शब्द घुसवला होता, आणि शिक्षा ती स्वतःला देत होती.

टॅक्सीवाला इंजिन चालू करून बसलेला. आम्ही दोघंच. मला फक्त म्हणायचं होतं, काकी, तू चुकली नाहीस, मी चुकीचं सांगितलं. एवढंच. तिने मला शिव्या घातल्या असत्या, कदाचित थोबाडीत मारली असती, आणि मोकळी होऊन गावी गेली असती.

मी म्हटलं, “जावंदे काकी. होता असां. देव समजान घेता.”

जाऊ दे, होतं असं, देव समजून घेतो. मी तिला माफ केलं, कळतंय तुला? मी, तिला. आणि तिला बरं वाटलं. तिने डोळे पुसले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, देव तुजा बरा करो म्हणाली. मी खाली वाकून, तिचा हात नीट पोचेल असं डोकं धरून उभा राहिलो.