पीराच्या लिंबावरचे भुंगेरे

हुमणी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांचा मला हेवा वाटतो. करंगळीएवढी जाड, पांढरीफटक अळी. तोंड तेवढं तपकिरी. मातीत वाकून पडलेली असते आणि दिसायला इतकी गरीब की लहान मूल तिला हातावर घेऊन खेळेल. ती पिकाच्या मुळ्या खाते. वर पान हिरवं आहे तोवर आपल्याला पत्ता नसतो, आणि पान पिवळं पडलं की समजायचं, खालचा कारभार आटोपला. भुईमुगाचं झाड मग नुसतं धरलं तरी हातात येतं. उपटायला जोर लागू नये, यासारखी वाईट गोष्ट शेतकऱ्याच्या घरात दुसरी नाही.

लग्न होऊन मी कोल्हापूरजवळच्या त्या गावात आले ती साठ सालानंतर. आमचं रान माळावरचं, तांबड्या हलक्या मातीचं. पाणी म्हणाल तर वरून पडेल तेवढंच. तिथं भुईमूग तेवढा मनापासून यायचा, आणि तोही घरच्या बियाण्याचा. सासऱ्यांच्या आज्यापासून राखलेली पसऱ्या जात होती ती. वेल जमीन धरून पसरायचा, शेंग बारीक, दाणा गुलाबी आणि गोड. काढणी झाली की सासरे भरल्या शेंगा निवडून बियाण्याला बाजूला काढायचे, आणि मृगाच्या तोंडाला आम्ही बायका त्या हातानं फोडायचो. कुणी दातानं शेंग फोडताना दिसली की म्हाताऱ्याचं तोंड सुटायचं, कारण दाण्याची साल खरचटली की तो उगवत नाही. मरताना त्यांनी जमिनीचं काढलं नाही, घराचं काढलं नाही. मुलाचा हात धरून एवढंच म्हणाले, "बी मोडू नगंस."

बी मोडलं म्हणजे ती जातच घरातून गेली. दुकानात ती मिळत नव्हती. तो मुलगा म्हणजे आमचे मालक. नाव घ्यायची रीत तेव्हा नव्हती, आणि आता ओ द्यायला ते नाहीत.

हुमणी वाढली तशी गावात पावडर आली. पहिलं पोतं आमच्याच मालकांनी सायकलला बांधून आणलं. कुबट वासाची पांढरी पूड, पेरणीआधी मातीत मिसळायची. हातमोजे वगैरे कुणाला ठाऊक? उघड्या हातांनी फेकली. त्या वर्षी मेलेल्या हुमण्यांचा माळावर नुसता सडा पडला, आणि मालकांना गावात भाव आला. एरवी रामराम न घालणारी माणसं दारात येऊन बसायला लागली. "पावडर किती टाकायची वो?" मालक मिशीवर हात फिरवून सांगायचे. मी चहा करून दमायचे. एकदा मीच त्यांना म्हणाले, "अवं, पाटी तरी लावा की, हुमणीचा दवाखाना म्हणून." मालक हसले. त्या दोन-तीन वर्षांत ते जेवढे हसले तेवढे पुढं कधी हसले नाहीत.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात तेच झालं. पुन्हा झाडं पिवळी पडायला लागली. लोक म्हणाले, पावडरीत भेसळ आहे. दुकान बदललं. दुप्पट टाकून बघितली. नांगरामागून चालत हुमण्या वेचणारे बगळे आणि साळुंक्या रानात मरून पडले, हुमणी मात्र टुणटुणीत. शेवटी मालकांनी एका वाटीत पावडर घेतली आणि त्यात हुमणी टाकली. दोघं उंबऱ्यावर बसून बघत राहिलो. ती पावडरीत गडबडा लोळली, गिरणीतून आलेल्या माणसासारखी पांढरी झाली आणि वाटीच्या काठावर चढायला लागली. मालकांनी ती वाटीसकट उकिरड्यात फेकली. चांगली पितळेची वाटी होती. 

त्याच हिवाळ्यात कोल्हापुराहून शेतीखात्याचे साहेब आले. तरुण माणूस, बोलायला साधा. म्हणाले, "ज्या मरायच्या त्या मेल्या. ज्यांना पावडर पचली त्यांचीच पैदास आता रानात आहे. तुम्ही बियाण्याला चांगली शेंग निवडता ना, तशीच तुम्ही हुमणीतली चिवट जात निवडून राखलीत." सगळे हसले. मालक हसले नाहीत. ते वाक्य त्यांच्या काळजात घुसलेलं मला दिसलं.

उपाय एकच, साहेब म्हणाले. हुमणी म्हणजे भुंगेऱ्याचं पिल्लू. वळीव पडला की दिवेलागणीला जमिनीतून भुंगेरे निघतात, लिंबावर, बाभळीवर बसून पाला खातात आणि मग मातीत अंडी घालतात. तेव्हा झाडं हलवून खाली पाडायचे, वेचून रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. मात्र सगळ्या गावानं, सगळ्या झाडांवर, दरवर्षी. एक झाड राहिलं तर केलं ते पालथ्या घड्यावर पाणी.

गाव करी ते राव न करी, असं म्हणत चावडीत सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि खरं सांगते, पहिल्या वर्षी गाव निघालं. बायका, पोरं, म्हातारे, हातात आकडी बांधलेले वेळू, डब्यात रॉकेल, गॅसबत्त्या. बाभळ हलवली की अंगावर तपकिरी भुंगेऱ्यांची सर कोसळायची, पोलक्यात शिरायचे, केसांत अडकायचे. किळस यायची आणि हसूही यायचं. डबेच्या डबे भरले. मालक या झाडाखालून त्या झाडाखाली पळत होते. त्यांना वाटत होतं, आता बी वाचलं. मलाही वाटत होतं.

माळाच्या कडेला, आमच्या बांधाला लागून, पीराचं ठाणं होतं. त्यावर मोठा लिंब. तिथं आलो आणि सगळ्यांचे पाय थांबले. वर पाला दिसत नव्हता इतके भुंगेरे, आणि त्यांच्या पंखांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. मालकांनी वेळू उचलला. माझे चुलत दीर पुढं झाले नि म्हणाले, "दादा, ह्याला हात लावायचा न्हाय. गावाला काय झालं तर तुझ्या डोस्क्यावर."

पीराची दिवाबत्ती बघणारे चाचा तिथंच होते. ठाण्यामागंच त्यांचं घर. दिवसभर शिवणयंत्रावर गावाच्या बंड्या शिवायचे. ते म्हणाले, "अरं हालवा की. पीराला काय भुंगेऱ्यांचा लळा लागलाय व्हय? रोज सकाळी मी झाडतोय खाली."

पण नाही. जो माणूस पीराची सेवा करतो तो हलवा म्हणत होता, आणि पौर्णिमेला वाडीला दत्ताच्या दर्शनाला जाणारे, गुरुवारी पीराला ऊद घालणारे आमचे लोक नको म्हणत होते. चाचांचंही ऐकेनात. माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "देव चाचांचा, झाड चाचांचं, मग भ्या तुमास्नी कशाचं?" चुलत दीर म्हणाले, "वैनी, तुमी गप बसा. देव समद्यांचा हाय." मालकांनी वेळू खाली ठेवला.

साहेबांनी सांगितलं होतं तसंच झालं. त्या एका झाडावरचे भुंगेरे पहिल्यांदा आमच्याच रानात उतरले. भादव्यात निम्मं पीक पिवळं. पुढच्या वर्षी गावातली निम्मीच माणसं झाडं हलवायला आली, लिंब तसाच राहिला आणि आमच्या पट्ट्यात बियाण्यापुरत्या शेंगा निवडता निवडता नाकी नऊ आले. तिसऱ्या वर्षी पेरणीला बी उरलं होतं ते एका लहान तुकड्यापुरतं. मालक जेवेनात. उठता बसता "आबानं एकच सांगितलं हुतं" असं पुटपुटायचे. मला त्यांची दया यायची आणि मेलेल्या सासऱ्यांचा रागही यायचा. पोराच्या गळ्यात असलं वचन बांधून जाऊ नये माणसानं.

वळीव पडला त्या संध्याकाळी मालक वेळू घेऊन सरळ ठाण्यावर गेले. मी डबा घेऊन मागोमाग. चाचा बाहेर आले, मालकांच्या तोंडाकडं बघितलं आणि वेळू त्यांच्या हातातून काढून घेतला. "पयला हात माझा लागू दे," म्हणाले. "म्हंजे तुज्यावर काय यायचं न्हाय." आणि त्या सत्तरीच्या माणसानं फांदीला आकडी घालून गदागदा हलवली. पाऊस पुन्हा आला तरी थांबले नाहीत. तिघांनी मिळून लिंब पार रिकामा केला. भिजून चिंब झालो होतो. चाचांच्या घरात बसून चहा प्यालो, चाचींनी मला अंग पुसायला आपली ओढणी दिली. मालक चाचांना म्हणाले, "लई उपकार झालं." चाचा म्हणाले, "उपकार कसलं? कवळ्या शेंगा उकडून आनून दे म्हंजे झालं."

पंधरवड्याच्या आत चाचा गेले. आधी खोकला, मग ताप, मग छातीत कफ दाटला. आम्ही त्यांना बैलगाडीतून दवाखान्यात नेलं होतं, पण उशीर झाला होता. म्हातारं शरीर, पावसात भिजलेलं. दुसरं काही नव्हतं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली. पण गावाला कावळा दिसतच नव्हता. पीरानं नेलं, असं सगळं गाव म्हणालं. मातीला सगळे आले, आणि मालकांच्या शेजारी कुणी उभं राहिलं नाही.

चाची मात्र मालकांना काही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या शिवणयंत्रावर कापड टाकून बसून राहिल्या. मालक रोज संध्याकाळी त्यांच्या दारात पाण्याची घागर ठेवून यायचे.

आमच्या त्या लहान तुकड्यात त्या वर्षी हुमणी खरंच कमी होती. भुईमूग उभा राहिला. मला आनंद झाला होता, मालकांना झाला की नाही ते कळलं नाही. पण आजूबाजूच्या चार गावांच्या लिंबा-बाभळींवरून भुंगेरे येणारच होते. शेवटी शेवटी त्यातलीही बरीच झाडं पिवळी पडली. हाती आल्या त्या एक सूपभर शेंगा, सगळ्या बियाण्याच्या.

पुढचा वळीव आला. आता पीराचा लिंब सोडा, गावातल्या एकाही बाभळीला हात लावायला कुणी तयार नव्हतं. मालक चुलत दिरांकडं गेले. ते दारातच म्हणाले, "दादा, एक मानूस गेलाय. आनिक कुनाला न्यायचा हाय?" मालक तसेच परत आले. रात्र पडायच्या आधी भुंगेरे निघाले. अंगणात बसूनसुद्धा लिंबाकडचा आवाज येत होता.

सकाळी मी पेरणीसाठी शेंगा फोडायला बसले. हळूहळू, एक एक, दाणा खरचटू न देता. सगळ्या फोडून झाल्या तेव्हा मालक येऊन समोर बसले. सुपातले दाणे त्यांनी हातानं सारखे केले.

"कढई ठेव," म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "अवं, बी हाय ते."

"व्हय. ठाऊक हाय. हुमणीला घालन्यापरीस पोरांस्नी घाल."

मी चूल पेटवली. मी नाही म्हणाले नाही. म्हणून काय होणार होतं? दाणे भाजताना घरभर वास सुटला. मिठाचं पाणी शिंपडलं. पोरं धावत आली. मालकांनी एक वाटी बाजूला काढली आणि चाचींना देऊन आले. स्वतः एकही दाणा तोंडात घातला नाही. पोरांनी परात चाटून पुसून साफ केली, आणि धाकटी माझा पदर ओढत म्हणाली, "आये, आनिक दे की."

"न्हाईत," मी म्हणाले. "सपलं."