काकांनी न केलेलं उपोषण

माझ्या वडिलांच्या या मित्राइतका मनापासून उपाशी राहणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात सापडणार नाही. गटार तुंबलं, काका उपोषणाला. मुरगूडची एसटी सलग तीन दिवस उशिरा आली, काका उपोषणाला. मी अक्षरं गिरवली तीसुद्धा त्यांच्या पत्रकांवरून. पुढं ती पत्रकं मीच लिहू लागले. सरकारी साहेब मोसंबीचा रस घेऊन उपोषण सोडवायला आले की काका एक घोट घेऊन म्हणायचे, "साखर कमी हाय सायेब. परत बसू काय?" आणि घरी जाऊन पांढऱ्या रश्शाच्या चार वाट्या रिचवायचे.

त्यामुळे यंदा त्यांनी भाकरी सोडली तेव्हा आम्हा कार्यकर्त्यांना शंकाच आली नाही. काकू सांगत होत्या, "अगं, घास छातीत अडकतोय त्यांच्या." काका म्हणायचे, "वात हाय, जाईल." भाकरी सुटली, मग भात, मग पेजही घोटाघोटानं. गालफडं बसली. आणि मी काय केलं? पाणीप्रश्नावर काकांनी अन्नत्याग केल्याचं पत्रक काढलं आणि पेठेत घरोघर वाटलं. काकांनीही ते खोडलं नाही. आजारी म्हणवून घेण्यापेक्षा त्यांना ते बरं वाटलं असावं. लोकांनी हार घातले. दवाखान्यात मात्र एकानंही नेलं नाही.

पाणीही उलटून यायला लागलं तेव्हा नेलं. डॉक्टर म्हणाले, घास आपल्या वजनानं पोटात पडत नसतो. अन्ननलिका मागून आवळत त्याला खाली ढकलते. काकांच्या नलिकेत गाठ वाढून वाटच बुजली होती. "म्हंजे आतच रास्ता रोको की!" काका म्हणाले. डॉक्टरांनी रिपोर्ट मिटला. "दोन महिने आधी आणलं असतं तर..." डॉक्टरांनी वाक्य पुरं केलं नाही. मला ते रोज पुरं ऐकू येतं.

आता थेट पोटात नळी बसवलीय, तिच्यातून काकू पातळ जेवण सोडतात. वासानं काकांचा जीव कासावीस होऊ नये म्हणून घरात फोडणीच बंद होती. परवा मी उशाशी बसले होते, तर काका बसक्या आवाजात ओरडले, "अगं, लसणाची फोडणी दे की! वास काय गिळावा लागतोय व्हय?" काकूंनी डोळे पुसून कढई ठेवली. लसूण तडतडला. काकांनी डोळे मिटले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात दाबून मला गप्प केलं.

"थांब," ते म्हणाले, "आता मिरच्या पडतील."