काळ्या चष्म्याआडचा डोळा

आमच्या तिरुनेलवेलीच्या दवाखान्यात सोर्णम अक्काला डॉक्टरसुद्धा टरकून असायचे. तीस वर्षं डोळ्यांच्या ओपीडीत नर्स होती. समोर बसलेल्याच्या डोळ्यात टॉर्च मारल्याशिवाय कागदाला पेन लावायची नाही. "बाहुल्या सारख्या आहेत? उजेडाला आक्रसतात? मग पुढचं बोल," हे तिचं पालुपद. आम्ही पोरी पाठीमागे तिला वेडावून दाखवायचो. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

त्या वर्षी मद्रास आयची साथ होती. डोळे आले की आमच्याकडे असंच म्हणतात. आलेल्या डोळ्याकडे नुसतं बघितलं तरी आपलेही येतात, असा सगळ्यांचा पक्का समज. नर्स झाले तरी माझ्या डोक्यातून तो गेला नव्हता. मी तोंड फिरवायची आणि थेंबांची बाटली पुढे सरकवायची.

इसक्कियम्माळ ही बिड्या वळणारी म्हातारी. काळा चष्मा लावून आली. "एकच डोळा लाल झालाय गं. डोकं फुटतंय, दोनदा ओकले."

"पाट्टी, आजी, घरोघरी तेच आहे. थेंब घाला." मी चष्मासुद्धा काढायला लावला नाही. कागदावर लिहिलं, बाहुल्या नॉर्मल.

तिसऱ्या दिवशी ती भिंत धरत परत आली. अक्काने चष्मा उतरवला. बुबुळ धुरकटलेलं, बाहुली मोठी, टॉर्च मारला तरी ढिम्म. मिटल्या पापणीवरून बोटांनी चाचपलं, तर डोळा गोटीसारखा टणक. काचबिंदू भडकला होता.

"हे नॉर्मल कुठल्या शहाणीने लिहिलं?" अक्का भर ओपीडीत कडाडली.

"मी, अक्का."

"साधे डोळे आले तर चिपडं धरतात, बाहुली हलते. माणूस ओकत नाही! न बघता लिहिलंस? मग आंधळी तू की ती?"

दुसऱ्यातही तेच होऊ नये म्हणून डॉक्टरांनी लेझर करून तो डोळा राखला. लाल झालेला मात्र गेला. मेलं माझं ते 'नॉर्मल'! आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

वॉर्डात थेंब घालायला अक्काने मुद्दाम मलाच धाडलं. माझी मान वर होईना. इसक्कियम्माळने एका डोळ्याच्या अंदाजाने चाचपडत माझी हनुवटी धरली आणि तोंड आपल्याकडे वळवलं.

"आता तरी बघ की गं," ती म्हणाली. "आता या गेलेल्या डोळ्याचं काय लागणार आहे तुला?"