ऋतुजाच्या रायफलीची मंद नळी

चहा आला का सगळ्यांच्या पुढ्यात? मग आधी दोन घोट पोटात जाऊ द्या. हे ऐकताना ठसका लागतो, असा अनुभव आहे. मागच्या वेळी माझ्या साडूच्या नाकातून चहा आला होता!

तर मंडळी, आयुष्यात मी एकदाही बंदूक चालवलेली नाही. लहानपणी दिवाळीला टिकल्यांचं पिस्तूल उडवलं असेल, तेवढंच. तरीही एका कोऱ्या करकरीत रायफलीला मी एकट्यानं बाद ठरवून दाखवलं. तेही घोड्याला बोट न लावता! बोला, जमेल कुणाला?

मी पलूसकडचा. साखर कारखान्याच्या काट्यावर कामाला. उसाचे ट्रॅक्टर येतात, काट्यावर चढतात, मी वजन घेतो. सासुरवाडी मात्र साताऱ्याकडची, आणि ते अख्खं घर फौजेतलं. सासरे फौजी, चुलत सासरे फौजी, मेव्हणा सुभेदार होऊन पेन्शनीत आलेला. जेवायला बसलं की गप्पा कुठल्या? बर्फातली चौकी, रात्रीची गस्त! त्यात मी काय सांगणार, आज ट्रॉलीत पाचट किती निघालं ते? मी तोंड उघडलं रे उघडलं की सुभेदार म्हणायचे, “दाजी, तुमी कालवण घ्या.” संपला माझा विषय.

या सुभेदारांची लेक ऋतुजा. आमच्याकडं आत्याचा नवरा म्हणजे मामाच, म्हणून मी तिचा मामा. पोरगी नेमबाजीत लय पुढं गेलेली. राज्याच्या संघाची निवड पुढच्या रविवारी होती आणि तिच्यासाठी नवी रायफल आली होती. दोन वर्षं पोरीनं ना लग्नं बघितली, ना जत्रा. सकाळी रेंज, दुपारी कॉलेज, संध्याकाळी परत रेंज. त्या रविवारवर तिचा सगळा जीव टांगलेला.

नेमका तेव्हाच मी सासुरवाडीला गेलो. नशीब बघा पोरीचं!

तिच्या कोच जाधव मॅडम कोयनानगरला भाचीच्या लग्नाला गेलेल्या. जाताना सांगून गेल्या होत्या, नव्या रायफलीतून गोळी किती वेगानं सुटते ते क्लबच्या यंत्रावर बघून ठेवा. यंत्र म्हणजे कसं, वितभर लांबीचा डबा. त्याच्या वरून गोळी गेली की पडद्यावर वेगाचा आकडा उमटतो.

सुभेदारांनी तो डबा उलटासुलटा करून बघितला. “फौजेत आमी गोळी मारायचो. किती वेगानं चाललीस बाई, असं कवा तिला इचारलं न्हाई. दाजी, तुमी काट्यावरचं मानूस. मोजमाप तुमचं काम हाय. तुमीच बघा.”

ऐकलंत? तुमीच बघा! लग्नाला वीस वर्षं झाली, त्यात पहिल्यांदा या घरानं मला बंदुकीजवळ बोलावलं होतं. माझी छाती अशी फुगली की शर्टाच्या गुंड्या कुरकुरल्या.

रेंजवर गेलो. लाल झेंडा लावून गोळीबार थांबवला. मी डबा काखेत मारला आणि निघालो. आता तो कुठं ठेवायचा? मी कारखान्याच्या डोक्यानं विचार केला. ऊस शेतात मोजतात का? नाही! कारखान्यावर पोचल्यावर काट्यावर मोजतात. माल जिथं पोचतो तिथं खरं माप. म्हणजे गोळीचं माप कुठं घ्यायचं? फळ्यापाशी!

पन्नास मीटर चालत गेलो आणि ज्या फळ्यावर नेम धरतात त्याच्या पुढ्यात स्टँड लावून डबा बसवला. मागं येऊन सुभेदारांना म्हणालो, “बसवला काटा.” त्यांनी मान डोलावली. दुसऱ्याच्या खात्यात नाक खुपसायचं नाही, ही फौजेची शिस्त. आणि ऋतुजानं हे यंत्र आजवर कधी लावलेलं नव्हतं.

ऋतुजानं गोळ्या झाडल्या. तिचा हात इतका सरळ की प्रत्येक गोळी डब्याच्या बरोबर वरून गेली. जाऊन आकडे बघितले, तर काय! काडतुसांच्या खोक्यावर वेग छापलेला सेकंदाला हजार फुटांच्या वर. आमचे सगळे आकडे हजाराच्या बरेच खाली. पुन्हा झाडल्या. पुन्हा तेच.

“सुभेदार,” मी आवाज खाली आणून म्हणालो, डॉक्टर लोक काचेच्या दारातून बाहेर येऊन बोलतात तसा, “नळी मंद आहे.”

“आं? नवी कोरी हाय की!”

मी फोन काढला आणि तिथंच उभं राहून तीन व्हिडिओ बघितले. झालो तज्ज्ञ! फॅक्टरीत घाऊक बनलेल्या काही नळ्या खरंच मंद निघतात हो. कुठं काडतूस बसतं ती जागा केसभर सैल असते. कुठं नळी आतून खरबरीत. कुठं भोकच जरा मोठं, मग गोळीच्या मागचा वायू बाजूनं निसटतो आणि जोर कमी पडतो. या सगळ्या रोगांपैकी आपल्या नळीला कुठला झालाय? मी म्हणालो, सगळे!

ऋतुजाचा चेहरा उतरला. “पण मामा, माझ्या गोळ्या तर मधोमध बसत्यात.”

“नशिबानं बसत्यात. हळू गोळी वाटेत खाली पडणार. तू जरा वर धर.”

आता तुम्हीच सांगा. गोळ्या मधोमध बसत असताना नेम वर धरला तर काय होईल? शेंबड्या पोराला कळेल! तिनं वर धरला, गोळ्या वर गेल्या. मी म्हणालो, “बघितलंस? आत्ता मधे होत्या, आता वर गेल्या. नळीचा भरवसाच नाही!”

मग तिनं खाली धरला, परत वर धरला. फळ्यावर भोकं अशी उधळली जशी कोंबड्यांना दाणे टाकावेत. गाडीत बसल्यावर मागून हुंदका ऐकू आला. मी वळून बघितलं नाही. तोंड पुढं करून ड्रायव्हरचा आरसा बघत बसलो.

जाधव मॅडमना फोन लावून लावून बोटं दुखली, पण त्या घाटात होत्या, फोन लागेना. मग पुण्याच्या दुकानदाराला लावला. मी त्याला असा झाडला, असा झाडला! तो बिचारा गरीब आवाजात म्हणाला, “साहेब, यंत्र कुठं ठेवलं होतं?”

“यंत्राचं मला शिकवू नका! मी काट्यावर आहे!” मी गरजलो.

काट्यावर म्हणजे त्याला काय वाटलं कोण जाणे. घाबरून म्हणाला, “पाठवून द्या परत.”

रात्री जेवताना सुभेदारांनी निकाल दिला. “असल्या हत्यारावर पोरीला उभी करायची न्हाई. रायफल जाऊ दे माघारी. निवड पुढल्या वर्षी बघू.”

ऋतुजा ताटावरून उठून आत गेली. माझ्या बायकोनं हळूच विचारलं, “आवं, तुमाला नक्की कळतंय न्हवं?”

“वीस वर्षं काटा सांभाळतोय,” मी म्हणालो. पण खरं सांगतो, त्या रात्री मी भाकरीचा एकच तुकडा कालवणात बुडवत बसलो. पोरीचं ताट तसंच होतं, आणि त्यावरून माझी नजर हलेना.

दुसऱ्या दिवशी रायफल पेटीत भरून ठेवली. निघायच्या तयारीत असतानाच दारात जाधव मॅडम! हाताची मेंदी अजून ताजी. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, “माघारी पाठवा, पण एकदा मला बघू द्या. रेंजवर चला.”

गेलो. लाल झेंडा लागला. मॅडम मला म्हणाल्या, “तुम्ही काल ठेवलं होतं तसंच यंत्र ठेवा.”

मी डबा उचलला आणि ऐटीत निघालो. दहा पावलं, वीस पावलं.

“अहो मामा! कुठं निघालात?” मॅडमनी मागून हाक मारली.

“ठेवायला! फळ्यापाशी!”

“का?”

मी थांबलो आणि तिथूनच मोठ्यानं सगळं समजावून सांगितलं. ऊस, शेत, कारखाना, काटा. माल पोचतो तिथं माप. माझ्याइतकं स्वच्छ कुणी समजावलं नसेल. मॅडमनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “मामा, शेतकरी तुमच्या काट्यावर भांडायला येतात ना? शेतात एवढा ऊस होता, इथं कमी कसा भरला म्हणून?”

“रोज येतात!”

“मग तुम्ही काय सांगता त्यांना?”

“काय सांगणार! सांगतो, बाबा, काट्याचा दोष नाही. ऊस वाटेत वाळतो...”

आणि मी बोलायचा थांबलो.

मंडळी, काय सांगू! माझ्या काखेत डबा. माझं तोंड उघडं. फळ्यापाशी पोचेपर्यंत हवा कापत कापत गोळीचा वेग कमी होणारच की! जन्मभर शेतकऱ्यांना जे सांगत आलो, ते स्वतःला सांगायला मी काल विसरलो होतो.

मॅडमनी माझ्याकडून डबा घेतला आणि नळीपासून चार पावलांवर ठेवला. ऋतुजानं गोळ्या झाडल्या. आकडे झपकन वर! खोक्यावरच्या आकड्याच्या अगदी जवळ.

पण मी हार मानतोय होय? “अजून थोडा कमी आहे!” मी ओरडलो. “बघा! थोडी तरी मंद आहेच!”

“आहे ना,” मॅडम हसल्या. “खोक्यावरचा आकडा कंपनी खास चाचणीच्या नळीतून काढते. अगदी घट्ट मापाची असते ती. आपली दुकानातली. ती केसभर सैल असणारच, म्हणून थोडी हळू. बिघडलं काय? गोळी हळू गेली तरी चालते. फक्त प्रत्येक वेळी तेवढीच हळू गेली पाहिजे. आणि ही जाते. नळी झकास आहे.”

“म्हंजी माघारी धाडायची न्हाई?” सुभेदारांनी विचारलं.

“मुळीच नाही. रविवारी हीच रायफल.”

मग ऋतुजा नेम धरायला पुन्हा आडवी झाली. नेम वर नाही, खाली नाही. आम्ही दुर्बिणीतून फळा बघितला. सगळी भोकं मधल्या ठिपक्यात, एकमेकांना चिकटून. पोरगी उठली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागली. हसता हसता रडली, रडता रडता परत हसली. माझा तर जीव भांड्यात पडला. तिथल्या पायरीवर मटकन बसलो. देवा, वाचवलंस रे! एका डब्यापायी पोरीचं वर्ष बुडवत होतो मी.

सुभेदार शेजारी येऊन बसले. खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता खास फौजी शिवी येणार.

“दाजी,” ते म्हणाले, “तुमी जर का शत्रूच्या फौजेत असता न्हवं, तर आमी लढाया लय लवकर जिंकलो असतो.”

मी पलूसला परतलो, पण मन काही थाऱ्यावर येईना. पोरीचा हात माझ्यामुळं बिघडला असला तर? पुढचे सगळे दिवस मी तिला सकाळ-संध्याकाळ धीराचे मेसेज पाठवले. नळीची काळजी करू नकोस. वाऱ्याकडं लक्ष दे. नाश्त्याला तेलकट खाऊ नकोस. रात्री श्वासाचा एक व्हिडिओ. पहाटे त्याचा दुसरा भाग.

रविवारी निवडीच्या ठिकाणी मला आत जाऊ दिलं नाही. नियम नव्हता तसा. सुभेदारांनीच अडवलं. मी बाहेर गाड्या लावतात तिथं चिंचेखाली बसलो. हातापायाला घाम. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा वाचायचा प्रयत्न चाललेला. वॉचमननं दोनदा येऊन विचारलं, “पाहुणं, बरं वाटत न्हाई का?”

अखेर दार उघडलं आणि ऋतुजा पळत आली. “मामा! झाली निवड! संघात आले!”

मी उठून तिला पोटाशी धरलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, लाज कसली त्यात! पुढं सुभेदार, मागं माझी बायको, सगळे हसत होते. मी नाक पुसलं आणि जरा सावरून विचारलं, “माझे मेसेज कामी आले ना?”

पोरगी बापाकडं बघायला लागली.

“कुठले मेसेज?”

“अगं, रोज पाठवत होतो की! फक्त त्यांना एकच टिक येत होती. म्हटलं, तुमच्या गावाला नेटवर्क नसेल.”

“मामा, रागावू नका हं,” ती जमिनीकडं बघत म्हणाली. “नेटवर्क हाय. रेंजवरनं घरी आल्या आल्या मी तुमाला ब्लॉक केलंय. निवड होईपर्यंतच!”

“मी बी केलंय,” सुभेदार मिशीतल्या मिशीत म्हणाले.

मी बायकोकडं वळलो. ती एकदम चिंचेचा शेंडा बघायला लागली.

“तू सुद्धा?”

“सगळ्यांच्या आधी,” ती म्हणाली.