लिलावातली गाडी

उन्हात तापलेल्या रेक्झिनचा वास आला की मला मानपाड्यातली ती दुपार आठवते. दिवाळं निघालेल्या एका रंगाच्या कंपनीच्या लिलावात मी मालकाची जुनी गाडी घेतलेली. चावी हातात आली, तरी जीव थाऱ्यावर नव्हता, कारण सह्या करायला आलेले मालक फाटकाशी रिक्षाची वाट बघत उभे होते. बायको हळूच म्हणाली, “अरे, विचार ना त्यांना.” ते संकोचत मागच्या सीटवर बसले. आम्ही ठाणे स्टेशनच्या दिशेने निघालो. नौपाड्यात शिरल्यावर ते सवयीने म्हणाले, “इथून डावीकडे घ्या.” मी गाडी वळवणार, तेवढ्यात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “नको, सरळच चला. ते घरही गेलं.” आजही त्या वळणावर माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो.