मुठ्याचा दुसरा पाव

आमच्या ओतशाळेत, म्हणजे लोखंड साच्यात ओतायच्या कारखान्यात, त्याला सगळे मुठ्या म्हणायचे. साच्याची वाळू भिजवली की तो त्यातली मूठभर उचलायचा, दाबायचा आणि तो गोळा मधोमध मोडायचा. कडा साफ तुटली तर वाळू बरोबर. भुगा झाला तर पाणी कमी. बोटांना ओल लागली तर सगळी वाळू परत पसरायची, मग कोणी काही म्हणो. साहेबांनी ओल मोजायचं यंत्र आणलं, तेव्हा यंत्र बरोबर आहे का हे बघायला मुठ्यालाच बोलावलं होतं.

या हट्टाला कारण होतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका ओल्या साच्यात लोखंड ओतलं गेलं. आतल्या पाण्याची वाफ झाली आणि लोखंड उसळून बाहेर आलं. त्याच्या डाव्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत अजून चकाकते. पुढची अडतीस वर्षं त्याचा एकही साचा उसळला नाही. मी शेजारच्या जागेवर काम करत होतो, म्हणून खात्रीने लिहितो.

निवृत्तीनंतर आम्ही एकाच इमारतीत राहतो. तो दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. गेल्या वर्षी वहिनींचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, पोटाचं ऑपरेशन झालं. घरी येऊन नऊ दिवस झाले तरी त्यांना जेवण जाईना. चहात बुडवलेलं अर्धं बिस्कीट, की झालं. डॉक्टर म्हणाले, आता काहीही खायला हरकत नाही, पण खायला हवं.

त्यांची लेक पाच तासांवरच्या गावात शिक्षिका आहे. गुरुवारी तिने फोनवर सांगितलं, "शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत पोचते. तोवर आईने एक वेळ तरी नीट जेवण केलं नसेल, तर रविवारी तिला माझ्याकडे नेते. बाबा, तुम्हाला जमत नाहीये. त्यात लाज कसली?"

जमत नाहीये, हे त्याला आजवर कोणी म्हणालं नव्हतं. त्याने वहिनींना विचारलं, "जातेस का?"

"तुम्ही पाठवलंत तर जाईन."

म्हणजे जायचं नव्हतं. लेकीचं घर चौथ्या मजल्यावर, आणि दिवसभर घरात कोणी नाही.

"मग काय खाशील ते सांग."

वहिनी म्हणाल्या, "सूप. आणि घरचा ताजा पाव. दुकानातला कापूस नको."

घरचा पाव वहिनी दर आठवड्याला करायच्या. मुठ्याने तो चाळीस वर्षं खाल्ला होता. कसा होतो, ते एकदाही बघितलं नव्हतं.

शनिवारी सकाळी सातला त्याने मला खाली बोलावलं. ओट्यावर मैदा, यीस्ट, मीठ आणि पाण्याचं भांडं ओळीत मांडलेलं. मी म्हटलं, "वहिनींना विचारलंस का?"

"झोपू दे तिला. पीठ आणि पाणी. त्यात काय विचारायचं?"

त्याने पीठ कालवलं आणि मळलं. अंग मोडून मळलं, मेहनतीत खोट नव्हती. मग मूठभर उचललं, दाबलं, मोडलं. साफ तुटलं.

"बघ कडा," तो म्हणाला.

"फर्स्ट क्लास," मी म्हणालो. मीही साचेवालाच.

दोन तासांत ते जराही फुगलं नाही. ओव्हनमध्ये फुगेल, असं आम्ही दोघांनी ठरवलं. साडेदहाला पाव बाहेर आला. आत गेला होता तेवढाच. मुठ्याने सुरीच्या दांड्याने ठोकून बघितला. खणखणीत वाजला.

"काम चांगलं आलंय," ओतलेला नग तपासताना म्हणायचो तसं मी म्हणालो. "आत कुठे पोकळी नाही."

तो हसला नाही. आतल्या खोलीतून आवाज आला, "अहो, सकाळी सकाळी काय ठोकताय?"

लपवता आला असता. तो पाव घेऊन सरळ आत गेला. वहिनींनी तो दोन्ही हातांत धरला, उलटा करून बघितला आणि हसायला लागल्या. टाके दुखायला लागले तसं पोट धरलं, पण हसणं थांबेना.

"भावजी, तुम्ही तिथे होतात ना?"

"वहिनी, मीच पास केला."

"पाणी किती घातलंत हो?"

"बेताचं," मुठ्या म्हणाला. "मुठीत मोडून बघितलं."

वहिनींचं हसणं थांबलं. त्यांनी त्याच्या डाव्या हाताकडे बघितलं. मग म्हणाल्या, "अहो, यात लोखंड ओतायचं नाहीये. नवीन पीठ घ्या. परात इकडे आणा."

परात पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवली. मुठ्याने पाणी घातलं आणि थांबला.

"अजून," वहिनी म्हणाल्या.

त्याने घातलं.

"अजून."

"हाताला चिकटतंय."

"चिकटू दे. अजून."

त्याचा हात तिथेच राहिला. भांडं माझ्यापुढे करून म्हणाला, "तू ओत."

"भावजी, तुम्ही हात लावायचा नाही. अहो, तुम्हीच ओता, घर काही पेटत नाही."

त्याने मान बाजूला वळवली आणि ओतलं. मनगटापर्यंत पिठाने बरबटला. वहिनींनी दोन बोटं पिठात बुडवून बघितली. "आता बरोबर. मळू नका. दर अर्ध्या तासाने नुसतं दुमडा, आणि झाका."

सूप त्याला कोणी शिकवावं लागलं नाही. कोंबडीची हाडं पाण्यात घालून मंद आचेवर ठेवली आणि पळी घेऊन उभा राहिला. वर फेस आला की काढायचा, पुन्हा आला की पुन्हा. वितळलेल्या लोखंडावरची मळी आम्ही अशीच काढायचो. मी म्हटलं, "बसून काढ की." म्हणाला, "बसून निघत नाही." दीड तास उभा होता. मग कांदा, गाजर, बटाटा चिरला. प्रत्येक फोड अंगठ्याच्या नखाएवढी. एक मोठी झाली, ती त्याने खाऊन टाकली.

तीनपर्यंत पीठ दुप्पट झालं, वर बुडबुडे. साडेचारला त्याने त्याला आकार दिला. सव्वापाचला पाव आत, सहाला बाहेर.

सहा वाजून दहा मिनिटांनी लेक आली. खांद्यावर मोठी रिकामी बॅग.

"आई जेवली?"

"जेवेल."

"म्हणजे नाही." तिला पाव दिसला. तिने सुरी उचलली. "द्या मग तिला."

"हात लावू नकोस. वीस मिनिटं निवू दे. आत्ता कापलास तर आतून लगदा होईल." हे त्याला वहिनींनी सांगितलेलं नव्हतं. साचा गरम असताना फोडला की आतलं ओतकाम तडकतं, एवढं आम्हाला माहीत होतं.

"बाबा, आई अकरा दिवस उपाशी आहे, आणि तुम्ही—"

"अकरा दिवस आणि वीस मिनिटं."

ती स्टुलावर बसली. बॅग मांडीवर.

वहिनींना धरून टेबलापाशी आणलं. त्यांनी एक चमचा सूप घेतलं आणि चमचा खाली ठेवला. आम्ही तिघं बघतच राहिलो.

"तिघंही माझ्या तोंडाकडे बघत बसलात तर घास उतरेल कसा? वाढून घ्या."

आम्ही वाढून घेतलं. पाव कापताना वरचा पापुद्रा करकरला, आत जाळी होती. वहिनींनी तुकडा मोडला, सुपात बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा. "मीठ कमी आहे," म्हणाल्या, आणि मीठ घेतलं. पाऊण तास लागला. एक वाटी सूप, पावाचे दीड काप. मी मोजले, लेकही मोजत होती.

"एकच जेवण झालं, बाबा," ती म्हणाली.

"तू एकच म्हणाली होतीस."

तिने आईकडे बघितलं. "तू बोल ना काहीतरी. तुला यायचंय का?"

"नाही गं," वहिनी म्हणाल्या. "मला इथेच राहायचंय. हे पाठवतील म्हणून गप्प होते."

"मी कशाला पाठवतोय?" मुठ्या म्हणाला.

"मग तसं बोलायचं!"

लेक हसली. डोळे पुसले. "पंधरा दिवसांनी येईन. वजन करीन."

"कर," मुठ्या म्हणाला. तो उठून परात घासायला गेला. पीठ वाळून घट्ट धरलं होतं. लेक म्हणाली, "द्या, मी घासते." त्याने दिली नाही. परात स्वच्छ व्हायला अर्धा तास लागला. तोवर वहिनींनी तिच्याकडून उरलेला अर्धा कापही मागून घेतला.